थोतांड कोणतं आणि उपचार कोणता?



गेल्या गणपतीत न्यूजर्सीतल्या एका घरी जेवायला गेले होते. तिथे एका वहिनींनी माझ्या हातात एक गुळगुळीत पत्रक ठेवलं. लायपोसक्शन असो, सिझेरियन असो, गुडघा बदललेला असो की कर्करोगाचं ऑपरेशन, सगळ्यावर एकच उतारा: ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’. शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर, प्रतिकारशक्ती वर, आणि दहा बैठका घेतल्या तर दोन फुकट! शेजारी आपल्याच विचारांचे एक स्नेही उभे होते. त्यांनी पत्रकावर नजर टाकली आणि हसत म्हणाले, “सगळं थोतांड!”

मला दोघांचाही राग आला. तो इथे काढते आहे.

आधी माझा हितसंबंध सांगून टाकते. मी जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली, प्रयोगशाळेत पोट भरणारी बाई. २०२१ साली माझ्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या. आठ महिन्यांनी उजव्या हातातली बांगडी रुतायला लागली. ‘वजन वाढलं असेल’ म्हणून मी ती काढून ठेवली. स्वतःला वैज्ञानिक म्हणवणाऱ्या बाईने पुढचे तीन महिने काहीही केलं नाही. ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर लिम्फेडीमा हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

रक्तवाहिन्यांमधून पेशींभोवती झिरपलेल्या पाण्यापैकी आणि प्रथिनांपैकी काही भाग लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेखालच्या मोठ्या शिरांमध्ये परत सोडतात. या व्यवस्थेला हृदयासारखा एकच मोठा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, त्यांच्यातल्या झडपा, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांवर सगळं चालतं. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हमरस्ता बंद होतो. अशा साधारण पाचातल्या एका बाईचा हात पुढे सुजतो. फक्त पहारेकरी ग्रंथी तपासायला काढल्या तर हा धोका बराच कमी, साधारण विसात एक. पाणी साचून राहिलं तर त्वचा जाड आणि कडक होते, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या जोडप्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये हलक्या हाताने कातडी ताणून लसिका पुढे सरकवायची पद्धत बसवली. आपल्याकडे बाळंतिणीला रगडतात तसली ही मालिश नव्हे. बंद रस्त्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून वाहतूक वळवावी, तसं हे काम आहे.

उपयोग होतो का? पुरावा बघू. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्पेनमधली एक चाचणी आली. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बायकांपैकी ज्यांना लवकर फिजिओथेरपी दिली, म्हणजे मसाज, व्रणाची काळजी आणि खांद्याचे व्यायाम, त्यांच्यात वर्षभरात ७ टक्के जणींना लिम्फेडीमा झाला. ज्यांना फक्त माहिती दिली, त्यांच्यात २५ टक्के. मसाजवाले हीच चाचणी मिरवतात. पण पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्याच नियतकालिकात बेल्जियमची चाचणी आली. तिथे व्यायाम आणि सल्ला दोन्ही गटांना होता, मसाज एकाच गटाला. वर्षाअखेर आकडे होते मसाजवाल्या गटात २४ टक्के आणि दुसऱ्यात १९ टक्के, म्हणजे म्हणण्याजोगा फरक नाही. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या तर एवढंच दिसतं की सूज टाळण्यासाठी नुसत्या मसाजवर भिस्त ठेवायला आधार नाही.

सूज एकदा आल्यावर मात्र गोष्ट वेगळी. घट्ट पट्ट्या किंवा दाबाची बाही, व्यायाम, त्वचेची निगा आणि मसाज अशी ती चौकडी आहे. मुख्य काम पट्टी करते. २०१५च्या कोक्रेन आढाव्यानुसार पट्टीच्या जोडीला मसाज दिला तर थोडा जास्त फायदा होऊ शकतो, विशेषतः सूज सौम्य ते मध्यम असताना. माझा हात असाच ताळ्यावर आला. तेव्हा आमच्या स्नेह्यांनी ‘थोतांड’ हा शब्द जरा जपून वापरावा. न वाचता नाकारणं हा विवेकवाद नव्हे.

आता वहिनींकडे वळते. ‘विषारी द्रव्यं’ म्हणजे नक्की कोणती, एकाचं तरी नाव सांगा! ती कामं यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात. सिझेरियननंतरची किंवा गुडघ्याची सूज बहुतेकांची आपसूकच ओसरते, मग त्या काळात जे केलं त्याला श्रेय मिळतं. हे नुसतं पैशांचं नुकसान नाही. ऑपरेशननंतर एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी मसाज नको, तातडीने डॉक्टर हवा. पत्रकात याचा एक शब्दही नव्हता.

आणि आपलं काय? आई फोनवर रोज बजावायची, “त्या हाताने काही उचलू नकोस.” २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या चाचणीने दाखवलं की देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलल्याने हाताची सूज वाढत नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी होतात. पण स्तनाचा कर्करोग हा विषय आपल्या घरांत कुजबुजीतच राहतो, आणि जिथे बोलणं थांबतं तिथेच पत्रकवाल्यांचं दुकान उघडतं. आमच्या विदर्भात हत्तीपायाचे रोगी लसिकावाहिन्या निकामी झाल्यानेच सुजलेले पाय घेऊन जगतात. त्यांना साबण-पाण्याची स्वच्छता, त्वचेची निगा आणि व्यायाम हवा असतो. त्यांच्या दारात डिटॉक्सचं पॅकेज घेऊन कुणी जात नाही, कारण तिथे पैसा नाही.

म्हणून, ऑपरेशनच्या आधीच विचारा: माझ्या किती ग्रंथी काढणार? दोन्ही हातांचं माप आधी घेऊन ठेवणार का? सूज आली तर लिम्फेडीमाच्या प्रशिक्षित थेरपिस्टकडे पाठवणार का? अमेरिकेत १९९८च्या कायद्यानुसार, स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या विमा योजनांनी लिम्फेडीमाचे उपचारही द्यायचे असतात. दाबाच्या बाह्या मेडिकेअरमध्ये मिळायला मात्र १ जानेवारी २०२४ उजाडावी लागली, तीही रुग्णांनी वर्षानुवर्षं काँग्रेसचे उंबरे झिजवल्यावर. हक्क आहे तो मागून घ्या.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या जरा रागावल्या. मग स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, “माझ्या बहिणीचा हात सुजलाय, पुण्याला. तिला कुणाला दाखवू?”

हा प्रश्न दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर विचारता आला पाहिजे. मतभेद असतील तर जरूर कळवा, पण पुराव्यासकट.