सभासदांचे मानधन ठरविणार कोण ?

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली, की चावडीवर, पारावर आणि एस. टी.च्या थांब्यावर एक प्रश्न हटकून ऐकू येतो : "निवडून आल्यावर याला मिळणार काय ?" विचारणारा बहुधा कुत्सितपणे हसून विचारतो आणि ऐकणारेही हसतात. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शिवाय त्याच्या पोटात दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे, तो कोणीच विचारीत नाही. जे काही मिळावयाचे ते ठरविणार कोण ? आज आम्ही वाचकांचे लक्ष या दुसऱ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो.

थोडे मागे जाऊन पाहू. लॉर्ड रिपनसाहेबांनी १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकलबोर्डाचा कायदा झाला. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. त्या बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर, मतदानाचा हक्क मिळकतीवर आणि सभासदास वेतन नाही, मान तेवढा मिळे. ही व्यवस्था दिसावयास मोठी त्यागाची दिसते. पण पेणहून अलिबागेस जावयाचे तर धरमतरची खाडी आडवी, रोह्याहून जावयाचे तर कुंडलिका ओलांडून डोंगराची वाट. बैठकीसाठी दोनतीन दिवस घर सोडावयाचे, गाडीभाडे भरावयाचे आणि पदरचे खाऊन परत यावयाचे. हे कोणास परवडणार ? ज्याच्या कणगीत दुसऱ्याने पिकविलेले भात आपोआप येऊन पडते त्यास. नांगर धरणाऱ्या कुळास ते कसे परवडावे ? बोर्डाच्या दारावर 'गरिबांस मज्जाव' अशी पाटी कोणी लावली नव्हती. ती लावण्याची गरजच नव्हती. बिनवेतनी सेवा हीच ती पाटी होती !

याच जिल्ह्यात चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि जमिनी पडीक ठेवून, हाल सोसून, तो १९३९ पर्यंत चालविला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ साली अखेर खोती रद्द करणारा कायदा झाला. जमीन मोकळी झाली. परंतु सत्तेच्या खुर्चीवर बसावयाचे तर पोटाची सोय आधी पाहिजे, हा प्रश्न शिल्लक राहिला. विलायतेतील मजुरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८३८ च्या त्यांच्या सनदेतील सहा मागण्यांत, पार्लमेंटच्या सभासदांस वेतन मिळावे ही एक मागणी होती. ते वेतन, सालाना चारशे पौंड, १९११ साली सुरू झाले. म्हणजे जगातील त्या जुन्या पार्लमेंटातही गरिबाचा पोटाचा प्रश्न सुटावयास त्र्याहत्तर वर्षे लागली. यास्तव, मानधन मागणे म्हणजे लोभ, असे जे म्हणतात ते एकतर अजाण आहेत किंवा त्यांची कणगी भरलेली आहे.

आता आजचा कायदा पाहू. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून लोकलबोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, विषयसमित्यांचे आणि पंचायत समितीचे सभापती यांस मानधन मिळते. सामान्य सभासदाच्या वाट्यास प्रवासभत्ता आणि बैठकीचा भत्ता येतो. यांतील एकही रक्कम परिषद आपण होऊन ठरवू शकत नाही. ती मुंबईस मंत्रालयात ठरते. सरपंचाचेही तसेच. २०१९ च्या जुलैपूर्वी दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावच्या सरपंचास महिना एक हजार रुपये मिळत. ते तेव्हा तीन हजार झाले आणि २०२४ च्या सप्टेंबरात सहा हजार ठरले. आठ हजारांपर्यंतच्या गावास चाराचे आठ आणि त्याहून मोठ्या गावास पाचाचे दहा हजार झाले.

वाढ झाली याचा आम्हांस आनंद आहे. आम्ही पेशाने मास्तर, मुलांस रोज हिशेब शिकवितो, म्हणून सांगतो : दोन हजार वस्तीच्या गावात सहा हजार रुपये म्हणजे माणशी महिना तीन रुपये. तेवढ्यात चहाचा एक पेलाही येत नाही. पण वाचकांनी तारखांकडेही पाहावे. पहिली वाढ २०१९ च्या जुलैतील, आणि विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात. दुसरी वाढ २०२४ च्या सप्टेंबरातील, आणि विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात. यावर अधिक टीका करण्याचे कारण नाही. शेतकऱ्यास बैल कोणत्या बाजारी विकावयाचा हे शिकवावे लागत नाही. देणारा आपल्या सोयीने देतो, घेणारा उपकाराखाली दबतो आणि ज्याने गावाचे गाऱ्हाणे घेऊन मंत्रालयाशी भांडावयाचे तो तेथे हात जोडून उभा राहतो. हक्काचे होते ते बक्षिसी झाले.

मग परिषदेनेच आपले मानधन ठरवावे काय ? तेही आम्हांस मान्य नाही. घटनेच्या १९५ व्या कलमाप्रमाणे आमदारांचे वेतन त्यांचेच विधानमंडळ ठरविते, आणि २०१६ च्या ऑगस्टात वेतनवाढीचे विधेयक त्यांनीच मंजूर केले. पंक्तीत वाढपी जेव्हा स्वतःचेच पान आधी वाढून घेतो, तेव्हा शेवटच्या पाटावरच्या माणसाने काय समजावयाचे ? महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. लाटसाहेबांच्या स्वागतासाठी शहराच्या तिजोरीतून खर्च करण्यास त्यांनी विरोध केला होता. सभासद हा तिजोरीचा राखणदार होय. राखणदाराने स्वतःची मजुरी स्वतःच लिहून घेऊ नये.

तेव्हा घेणाऱ्याने ठरवू नये आणि उपकार म्हणून देणाऱ्यानेही ठरवू नये. तिसरी वाट आहे. इंग्लंडात स्थानिक मंडळे आपले भत्ते स्वतः ठरवितात खरे. परंतु २००३ च्या नियमांप्रमाणे त्यांस आधी एका स्वतंत्र समितीचा अहवाल विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेत, काँग्रेसच्या सभासदांचे वेतन बदलले तर तो बदल पुढील निवडणूक होऊन गेल्यावरच अमलात यावा, असा घटनेचा नियम आहे. तो १७८९ साली सुचविला गेला आणि १९९२ साली घटनेत आला. आमच्या घटनेत १९९३ पासून अमलात असलेल्या ७३ व्या दुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावयाचे ठरविले आहे, आणि पंचायतींच्या पैशाचा विचार करणे हेच त्याचे काम. आमची सूचना अशी : या आयोगाने, किंवा तशाच स्वतंत्र समितीने, सरपंचापासून अध्यक्षापर्यंत आणि सामान्य सभासदासही धरून मानधनाची श्रेणी ठरवावी, ती शेतमजुराच्या किमान मजुरीशी जोडावी, म्हणजे मजुराची वाढेल तेव्हाच सभासदाची वाढेल, नवी श्रेणी नव्या निवडणुकीनंतरच लागू व्हावी, आणि मानधन, भत्ता, मोटार, बंगला यांचा आकडा दरसाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

कोणी म्हणतील, मानधन वाढले की लोभी माणसे येतील. त्यांस आमचे उत्तर असे की, लोभी माणूस मानधनासाठी येतच नाही. त्याचा डोळा रस्त्याच्या खडीवर आणि पाण्याच्या टँकरवर असतो. सभासदाने स्वतः वा आडून ठेक्यात भागी ठेवल्यास त्याचे पद जाते, असा कायदा आहे. तो कडक चालवावा. उघड मानधन तोडून छुपी कमाई थांबत नाही. उलट प्रामाणिक माणूस तेवढा घरी बसतो.

आणि हा प्रामाणिक माणूस कोण ? पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतील कातकरी वाड्या आठवा. राखीव जागेने तेथील बाईस खुर्ची दिली, आणि २०११ पासून तर निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. पण दिवाळी सरली की हीच माणसे वीटभट्टीवर जातात. बैठकीस यावयाचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती जी बुडाली ती भरून कोण देणार ? कोणीच नाही, म्हणून ती बाई अंगठा किंवा सही देऊन मोकळी होते आणि तिच्या नावाने दुसराच कोणी कारभार हाकतो. कायद्याने दिलेली खुर्ची अशा रीतीने पुन्हा जुन्या घरी जाते.

२०२२ च्या मार्चात आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली. पुढे प्रशासकाचा कारभार चालला, आणि निवडणुका घ्या असा हुकूम सुप्रीम कोर्टास २०२५ च्या मे महिन्यात द्यावा लागला. प्रशासकाच्या त्या काळात सभासदांचे मानधन वाचले असेल. पण शाळेचे कौल फुटले, खारबंदिस्तीस भगदाड पडले, तर गावकऱ्याने हक्काने जाऊन ज्याचे दार ठोठवावे असा आपला सभासदही त्या काळात नव्हता. ही काटकसर आम्हांस परवडणारी नाही.

म्हणून आमची पेण व रोहे तालुक्यांतील बांधवांस व भगिनींस विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत उठून उभे राहावे आणि विचारावे : आमच्या सभासदास काय मिळते, ते कोणी ठरविले आणि केव्हा ठरविले ? हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. पैसा आमचा आहे, सभासद आमचा आहे. तेव्हा त्याच्या पोटाची चिंताही आम्हीच केली पाहिजे आणि हिशेबही आम्हीच मागितला पाहिजे. जो गाव आपल्या गड्यास मजुरी देत नाही, त्याचा गडी दुसऱ्याच्या शेतात राबतो, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको.