युद्धाची तेजी, गावाचे देणे

युद्ध ही भांडवलशाहीची गरज आहे, असा सिद्धांत डाव्या विचारवंतांनी एकेकाळी हिरिरीने मांडला. दुसऱ्या बाजूला, युद्ध सुरू झाले की कारखाने जोरात चालतात, बेकारी हटते आणि मंदी पळते, असे मानणाऱ्यांची संख्याही कमी नाही. सीमेवर तणाव वाढताच संरक्षण सामग्री बनविणाऱ्या कंपन्यांचे समभाग उसळतात, हे पाहणाऱ्या मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराला ही दुसरी गोष्ट पटतेही. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी. परंतु युद्धातून भरभराट होते, हे गृहीतक मात्र दोघांचेही एकच आहे. ते पारखायचे तर राजधानीतील आकडेवारीबरोबर एखाद्या गावाचा जमाखर्चही तपासावा लागतो.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या शेजारी अवसरी खुर्द हे गाव आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने बागायती झालेला हा पट्टा बटाटा, कांदा आणि ऊस पिकवितो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा या पट्ट्यातील शेतकऱ्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु बटाट्याला पालाश लागते आणि भारत आपल्या गरजेचे जवळपास सगळे पालाश परदेशांतून आणतो. रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. पाहता पाहता पालाशच्या गोणीचा भाव सतराशे रुपयांच्या घरात गेला. डीएपीची गोणी शेतकऱ्याला १,३५० रुपयांत मिळत राहिली, पण त्यासाठी केंद्र सरकारला त्या खरिपात दर गोणीमागे सुमारे २,५०० रुपये भरावे लागले. २०२२-२३ या वर्षात खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेले. हा पैसा आकाशातून पडला नाही. तो करदात्याच्या खिशातून आला आणि त्यातून जे रस्ते, शाळा व कालवे होऊ शकले असते, ते राहून गेले. घरोघरच्या गृहिणींनी सूर्यफूल तेलाच्या पिशवीवर त्याच युद्धाचा कर वेगळा भरला.

दूरच्या युद्धाचा हा धक्का या जिल्ह्याला नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा बहुतांश पुरवठा अमेरिकेतून होत असे. तो तुटला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर बँका व कंपन्या उभ्या राहू लागल्या. बॅक बे येथील समुद्र हटविण्यासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,०००च्या घरात गेला. ग्रामीण भागातही धान्याचे भाव व मजुरी वाढली, रेल्वेच्या कामांनी हाती रोकड आली आणि सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे दिली. त्या काळी कोणी विचारले असते, तर युद्धाने दख्खनचे भले केले, हेच उत्तर मिळाले असते.

एप्रिल १८६५मध्ये ते युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस मुंबईच्या बाजाराचा काळा दिवस ठरला. भाग कवडीमोल झाले, नामांकित पेढ्या बुडाल्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. परंतु मुंबईचे दिवाळे हा या कथेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग पुणे जिल्ह्याने भोगला. तेजीच्या काळातील भाव गृहीत धरून सरकारने १८६७पासून अनेक गावांचा शेतसारा वाढविला. भाव मात्र खाली आले. सावकाराने नवे कर्ज थांबवून जुन्याच्या वसुलीसाठी न्यायालयाची वाट धरली आणि जमिनी हातच्या जाऊ लागल्या. १८७४च्या अखेरीस, आंबेगावला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यातील करडे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जखते जाळली. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेला हा उद्रेक नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यानंतर आला. तोवर १८७६-७७च्या दुष्काळाने उरलेसुरलेही नेले होते. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाला इतरही कारणे होती, हे खरे. परंतु चार वर्षांच्या युद्धतेजीने त्यावर जो बोजा चढविला, तो दहा वर्षे उतरला नाही.

युद्धाच्या बाजूने दिला जाणारा हमखास दाखला दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचा. तेथील बेकारी १९४०मध्ये १४.६ टक्के होती, ती १९४४मध्ये १.२ टक्क्यांवर आली. पण एक कोटीहून अधिक माणसे सैन्यात भरती केल्यावर बेकारी घटली, तर त्यात नवल ते काय? त्याच वर्षांत तेथे खासगी मोटारींचे उत्पादन बंद होते आणि साखर, मांस व पेट्रोलवर नियंत्रण होते. सामान्य अमेरिकन कुटुंबाची खरी सुबत्ता १९४५नंतर, शांततेत आली. शिवाय त्या देशाच्या मुख्य भूमीवर शत्रूचे सैन्य उतरले नव्हते. त्याच युद्धात भारताने इंग्लंडला पुरविलेल्या मालाची व सेवांची किंमत शंभर कोटी पौंडांहून अधिक झाली. ती लंडनच्या खात्यात नावे लिहून ठेवण्यात आली. इकडे देशात नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली आणि १९४३मध्ये बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे भूक व रोगराईने मेली. मुंबईच्या गिरणीमालकांचे नफे मात्र त्या काळात वाढले होते.

यातील तर्क समजण्यासाठी मोठे ग्रंथ चाळण्याची गरज नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. शेतकऱ्याला जाळी लावून बंदिस्त गोठा बांधावा लागतो. जाळी विकणाऱ्याचा धंदा होतो, लोहाराला काम मिळते. परंतु बिबट्या आला म्हणून गाव श्रीमंत झाले, असे कोणी म्हणत नाही. त्याच पैशात आणखी एक गाय आली असती, हे प्रत्येकाला कळते. युद्धाच्या हिशेबात नेमकी हीच न आलेली गाय दिसत नाही. तोफेची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. रणांगणावर पडलेल्या जवानाच्या घरातील पोकळी कोणत्याही तक्त्यात येत नाही.

भांडवलशाहीत हा दृष्टिभ्रम अधिक गडद होतो, कारण नफा मोजक्या हातांत एकवटतो आणि तोटा कोट्यवधींमध्ये विखुरतो. एकवटलेला नफा बोलका असतो, विखुरलेला तोटा मुका. १९६१मध्ये निवृत्त होताना अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य आणि शस्त्र-उद्योग यांच्या संगनमतापासून सावध राहण्याचा इशारा दिला होता. ते स्वतः महायुद्धातील सेनापती होते. पण म्हणून हा दोष केवळ भांडवलशाहीच्या माथी मारणेही सोयीचेच ठरेल. सोव्हिएत रशियात खासगी भांडवलदार नव्हते, तरी शस्त्रस्पर्धेच्या ओझ्याने त्याची अर्थव्यवस्था वाकली आणि १९९१मध्ये ते राज्य विघटित झाले.

याचा अर्थ राष्ट्राने शस्त्र खाली ठेवावे, असा मुळीच नाही. बंदिस्त गोठा हवाच. राखणीवाचून पीक हाती लागत नाही. १९६२चा धडा विसरणे भारताला परवडणारे नाही आणि मे २०२५मधील ऑपरेशन सिंदूरने स्वदेशी सामग्रीचे मोल दाखवून दिले आहे. कौटिल्याने युद्धशास्त्र बारकाईने लिहिले, तरी संधी आणि विग्रह यांचा लाभ सारखाच असेल, तर राजाने संधी स्वीकारावी, असा त्याचा स्पष्ट निर्णय आहे. युद्धात माणसे जातात, खजिना रिता होतो आणि घरापासून दूर राहावे लागते, हे त्याने दिलेले कारण आजही तितकेच खरे आहे. संरक्षणावरील खर्च हा सुरक्षिततेचा हप्ता आहे. त्याला भरभराटीचे साधन समजणे ही गल्लत आहे.

म्हणून संरक्षण सिद्धतेची व्याख्या तोफ आणि विमान यांवर थांबता कामा नये. कच्चे तेल, खाद्यतेल आणि खत यांसाठी परावलंबी असलेला देश दुसऱ्यांच्या युद्धातही जखमी होतो. गोरखपूर, रामागुंडम, बरौनी व सिंद्री येथील बंद पडलेले युरियाचे कारखाने गेल्या काही वर्षांत पुन्हा उभे राहिले. तेलबिया आणि पालाशाच्या पर्यायांबाबतही तशीच निकड दाखविली पाहिजे. अवसरी खुर्दमध्येच शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या तरुणांनी तोफांचे भाग जरूर घडवावेत. त्याच बुद्धीने शेजारच्या शेतातील खताची परदेशी गोणी कमी करण्याचे तंत्रही शोधावे. पुढचे युद्ध कोणत्या खंडात पेटेल, हे भारताच्या हाती नाही. त्याचे देणे बटाट्याच्या वाफ्यावर किती बसावे, हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.