राउटरमधील उघडे दार : दोष कोणाचा, दक्षता कोणाची?

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत आज दाखले, पीकविम्याचे अर्ज, परीक्षांचे अर्ज अशी अनेक कामे इंटरनेटवरून होतात. सेवा केंद्रात, दवाखान्यात, शाळेच्या वा धर्मग्रामाच्या कार्यालयात आणि कित्येक घरांतही कोपऱ्यात मिणमिणत्या दिव्यांची एक छोटी पेटी असते. तिला आपण राउटर म्हणतो. इंटरनेट सुरू आहे तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ही पेटी स्वतःच एक छोटा संगणक आहे आणि दूरवरचा परका मनुष्य तिला हुकूम देऊ शकतो, हे गेल्या काही वर्षांत वारंवार सिद्ध झाले आहे. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नव्हे, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशाला याचा पहिला मोठा धडा जुलै २०१७ मध्ये मिळाला. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पाडले. देशभरातील एकूण आकडा सुमारे ६० हजार असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड अनेकांनी तसाच ठेवला होता. तो बदला, असे आवाहन निगमने ग्राहकांना केले. सल्ला योग्य होता, पण पुरेसा नव्हता. पासवर्ड म्हणजे दाराचे कुलूप. भिंतीलाच भगदाड असेल, तर कुलूप कितीही मजबूत असले तरी काय उपयोग?

हे भगदाड कसे पडते ते समजून घेऊ. राउटरच्या व्यवस्थापन पानावर इंटरनेटची जोडणी तपासण्यासाठी बहुधा एक चौकट असते. तिच्यात एखादा पत्ता लिहिला, की राउटर आपल्या आतील प्रणालीस आज्ञा देतो : ‘या पत्त्यावर हाक देऊन पाहा.’ आता कोणी त्या पत्त्यापुढे अर्धविराम देऊन दुसरीच आज्ञा लिहिली आणि राउटरने ती न तपासता आत पाठवली, तर दोन्ही आज्ञा पाळल्या जातात. एखाद्या अर्जावर ‘अर्जदाराचे नाव’ या रकान्यात कोणी आपले नाव लिहावे, पुढे ‘आणि अमुक गटातील जमीन माझ्या नावे करावी’ असे जोडावे, आणि कारकुनाने ती ओळ न वाचताच साहेबांच्या सहीच्या आदेशात उतरवावी, तसाच हा प्रकार होय. तंत्रज्ञ यास ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात. राउटरमध्ये अशी आज्ञा बहुधा सर्वाधिकारानिशी पाळली जाते. त्यामुळे घुसणारा एका ओळीत पेटीचा मालक होऊन बसतो.

ही भीती काल्पनिक नाही. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडू लागली. राउटरला वेळ कळवणाऱ्या सर्व्हरच्या नावाच्या जागी आज्ञा घुसवण्याचा तो प्रयत्न होता. त्या कंपनीच्या राउटरांत ती आज्ञा चालली नाही, तरी त्या माऱ्यानेच ते ठप्प झाले. मे २०१८ मध्ये फायबर जोडणीच्या काही राउटरांत वर सांगितलेल्या तपासणीच्या चौकटीचाच दोष उघड झाला. शिवाय त्यांत पासवर्डला वळसा घालून आत जाण्याची वाटही होती. टीपी-लिंक कंपनीच्या ‘आर्चर एएक्स २१’ या राउटरमध्ये तर देशाचे नाव भरण्याच्या जागेतून, पासवर्ड नसतानाही, हुकूम देता येत होता. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती दिली. परंतु एप्रिलमध्येच ‘मिराई’ या कुप्रसिद्ध प्रोग्रॅमचे हस्तक दुरुस्ती न केलेल्या राउटरांचा ताबा घेऊ लागले होते.

ताबा गेल्यावर काय होते? बँकेचा पत्ता बरोबर लिहूनही ग्राहक भलत्याच बनावट पानावर जाऊ शकतो. आपली पेटी इतर हजारो पेट्यांसह एखाद्या रुग्णालयावर वा बँकेवर होणाऱ्या हल्ल्यात सामील केली जाते. दुसऱ्याने केलेला गुन्हा आपल्या पत्त्यावरून झालेला दिसतो आणि चौकशी प्रथम आपल्या दाराशी येते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नेमका हाच इशारा दिला : कंपन्यांनी दुरुस्त्या देणे थांबवलेले जुने राउटर काबीज करून गुन्हेगार आपली ओळख लपवण्यासाठी ते वापरत आहेत. घरात मात्र इंटरनेट नेहमीसारखे चालू असते. म्हणूनच ही चोरी लवकर लक्षात येत नाही.

मग दोष कोणाचा? आमच्या मते तो प्रथम उत्पादकाचा आहे. बाहेरून आलेला मजकूर आणि आतील आज्ञा वेगळ्या ठेवाव्यात, हा नियम संगणकशास्त्रात जुना आहे. हे दोष टाळता येण्याजोगे आहेत, असे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व एफबीआयने जुलै २०२४ मध्ये उत्पादकांना स्पष्ट बजावले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सर्वांना एकच पासवर्ड देण्यास मनाई केली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान केव्हापर्यंत मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक केले. आपला शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील वैधतेची तारीख पाहतो. राउटर घेताना मात्र आपण किंमत पाहतो आणि अँटेना मोजतो. आपल्या देशातही राउटरच्या खोक्यावर दुरुस्त्यांची अखेरची तारीख ठळकपणे छापली जावी, अशी मागणी ग्राहकांनी व ग्राहक पंचायतींनी करावयास हवी.

तोवर आपल्या हाती आहे तेवढे आपण करावे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. दुरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. राउटरमधील प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. जमत नसल्यास जोडणी देणाऱ्या तंत्रज्ञास ही तिन्ही कामे आपल्यासमोर करावयास सांगावे. ज्या राउटरला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, तो चालू असला तरी बदलावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

वाचकहो, गावातील एका घराचे दार उघडे राहिले, तर चोर त्याच घरातून शेजारच्या घरात उतरतो. आपली पेटी सुरक्षित ठेवणे हे आपल्यापुरते काम नाही. ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही, अशा शेजाऱ्यांप्रतीचेही ते कर्तव्य आहे.