अंतर तेच, वाट लांब

दोन शहरांमधील अंतर ही भूगोलाची बाब आणि ते कापण्यास लागणारा वेळ ही यंत्रशास्त्राची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हेलसिंकी ते टोकियो या हवाईमार्गाचा इतिहास मात्र या समजुतीला छेद देणारा आहे.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर या दोन शहरांत सुमारे ७,८०० किलोमीटरचे अंतर भरते. हा दोरा बहुतांशी रशियाच्या भूमीवरून जातो. १९८३ मध्ये फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने टोकियोची थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत आकाश टाळून उत्तर ध्रुवावरून वळसा घ्यावा लागे. प्रवासास सुमारे १३ तास लागत. पुढे सायबेरियावरील मार्ग खुला झाला आणि तोच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही ३६ देशांच्या विमानांना मज्जाव केला. प्रवास पुन्हा १३ तासांवर गेला. चाळीस वर्षांत विमाने सुधारली. घड्याळ मात्र होते तेथेच परतले.

प्रश्न केवळ प्रवाशांच्या गैरसोयीचा नाही. पूर्वी एकच विमान २४ तासांत टोकियोला जाऊन परत येऊ शकत असे. १३ तासांच्या प्रवासात ते अशक्य झाले. तेवढ्याच सेवेसाठी अधिक विमाने, अधिक कर्मचारी आणि अधिक इंधन लागू लागले. युरोप व पूर्व आशिया यांना जोडणारी जवळची वाट आपल्या दारावरून जाते, या भरवशावर फिनएअरने आपला व्यवसाय उभारला होता. तो भरवसाच ढासळला. उलट, चिनी कंपन्यांना रशियन आकाश खुले राहिल्याने कमी खर्चाचा लाभ आयताच मिळाला.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण प्रभुत्व १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले आहे. भारतालाही याची झळ लागली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. इतकेच नव्हे, तर नकाशावर जवळ दिसणाऱ्या ताश्कंदची इंडिगोची सेवा, नव्या मार्गाला विमानांचा पल्ला पुरेना म्हणून, स्थगित करावी लागली.

आक्रमणाचा निषेध म्हणून युरोपने ही किंमत पत्करली, यात गैर नाही. परंतु ती सर्वांवर सारखी पडली नाही. काठावरच्या लहान देशाला ती अधिक मोजावी लागली. राष्ट्राराष्ट्रांतील वैराचा हिशेब मांडताना हा खर्चही जमेस धरला पाहिजे. विमानाचा वेग कारखान्यात वाढविता येतो. वाट मात्र मधल्या राष्ट्राच्या संमतीनेच जवळची होते.