ईदच्या फोटोवरचा उन्हाचा डाग

ईदचे फोटो मोबाइलवर येऊ लागले की बऱ्याच घरांत एक तक्रार ऐकू येते. सगळे छान दिसतात, पण फोटोवर पांढुरकी झाक आहे आणि कुणाच्या तरी गालावर हिरवट-जांभळा ठिपका. याला लेन्स फ्लेअर म्हणतात. पुण्यात याचे कारण सोपे आहे. आपला किब्ला पश्चिमेला. त्यामुळे गोळीबार मैदानाच्या ईदगाहवर सकाळचा सूर्य नमाजींच्या पाठीशी असतो. नमाजनंतर मंडळी तशीच उभी राहिली, की समोरून फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यात ऊन थेट शिरते.

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. लेन्सवर लेप देऊन हे प्रमाण कमी करतात, तरी सूर्याचा थोडा उजेड आतल्या भिंगांवर पुन्हापुन्हा आदळतो. त्याचेच हे ठिपके. लेन्सला तेलकट किंवा अत्तराचे बोट लागले असेल तर झाक आणखी वाढते.

डाग काढायला बसण्याआधी मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीवरच काम करावे.

पांढुरकी झाक असेल तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवावा आणि गडद भाग आणखी गडद करावेत. लाइटरूममध्ये यासाठी ‘डीहेझ’ आहे. ठिपका आकाशावर किंवा भिंतीवर असेल तर स्नॅपसीडचे ‘हीलिंग’ पुरते. फोटो मोठा करून अगदी थोडा भाग निवडावा. संगणकावर हेच काम फोटोशॉप किंवा मोफत मिळणारे गिंप करते.

ठिपका चेहऱ्यावर असेल तर मात्र थांबावे. ठिपक्याखाली डोळा, सुरकुती, दाढीचा केस दिसत असेल तर तिथे ‘हीलिंग’ वापरू नये. स्नॅपसीडच्या ‘सिलेक्टिव्ह’ने फक्त तेवढ्या भागाचा रंग फिका करावा, उजेड कमी करावा. खालचा चेहरा खराच राहतो.

पण तो भाग पांढराफटक झाला असेल, तर तिथली माहिती फोटोत उरलेलीच नसते. सॉफ्टवेअर आजूबाजूचे पाहून अंदाजाने जागा भरते. भिंतीबाबत हा अंदाज चालतो. दादींच्या शेवटच्या ईदचा तो एकच फोटो असेल, तर उद्या नातवंडे त्यात सॉफ्टवेअरने रचलेला डोळा दादींचा समजून पाहतील. आमच्या मते अशा वेळी डाग राहू द्यावा. त्याच वेळी दुसऱ्या कुणी काढलेला फोटो नातेवाइकांकडे शोधावा. जागा बदलली की ठिपकाही सरकतो, आणि खरा चेहरा त्यात सापडू शकतो.

पुढच्या ईदला लेन्स मऊ कापडाने पुसा. घरच्यांना थोडे वळवून उभे करा, म्हणजे ऊन बाजूने येईल. जमले नाही तर लेन्सवर हाताची सावली धरा, हात मात्र फोटोत येऊ देऊ नका. एकाऐवजी चार फोटो घ्या, प्रत्येक वेळी जरा सरकून. वडीलधाऱ्यांचा चेहरा ही पुढच्या पिढीची अमानत आहे. ती जशी आहे तशीच त्यांच्या हाती पोहोचावी.