सातबारा फाटला, जमीन शाबूत आहे

गेल्या रविवारी शेजारच्या काकू एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात भजनी मंडळाचं पाच वर्षांचं रेकॉर्डिंग होतं. कॉम्प्युटरला लावला की दिवा लुकलुकायचा, पण उघडायला गेलं की ‘डिस्क घाला’ असा संदेश यायचा. क्षमता शून्य. दुकानदार म्हणाला होता, टाकून द्या, नवा घ्या.

मी आधी एकच विचारलं, “काकू, हे दुसरीकडे कुठे आहे का?” “आहे की, तबलजींच्या लॅपटॉपवर सगळं आहे.” ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण या दुरुस्तीत ड्राइव्ह वाचतो, आतला मजकूर जातो.

पेनड्राइव्हमध्ये मुख्य वस्तू दोनच. मेमरी चिप म्हणजे शेतजमीन आणि कंट्रोलर म्हणजे तलाठी. कोणती नोंद कोणत्या तुकड्यात, कोणता तुकडा नापीक झाला, कुठे फार वेळा लिहून झालं, हा सगळा हिशेब कंट्रोलरकडे. पण त्याची दप्तरं आणि फर्मवेअर नावाची नियमावली बहुधा त्याच चिपच्या एका कोपऱ्यात असतात. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला, की नोंद अर्धवट राहू शकते. मग पुढच्या वेळी तलाठ्याला दप्तरच सापडत नाही आणि तो क्षमता शून्य सांगतो. जमीन मात्र जागेवरच असते.

अशा वेळी ‘चिपजीनियस’सारखं साधन कंट्रोलरचं मॉडेल सांगतं. वरच्या कव्हरावरच्या नावावर जाऊ नये, कारण एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्हमध्ये वेगवेगळे कंट्रोलर निघतात. फायसन, सिलिकॉन मोशन, आल्कोर मायक्रो या तैवानी कंपन्या ते बनवतात आणि कारखान्यात ज्याने फर्मवेअर भरतात ते ‘मास प्रॉडक्शन टूल’ प्रत्येकीचं निराळं असतं.

काकूंचा ड्राइव्ह त्या टूललाही दिसेना. कव्हर उघडलं. ४८ पायांच्या मेमरी चिपचे २९ आणि ३० क्रमांकाचे पाय मी चिमट्याने जोडून धरले आणि काकूंनी ड्राइव्ह पोर्टमध्ये सरकवला. पाय जोडलेले असले की कंट्रोलरला बिघडलेलं फर्मवेअर वाचता येत नाही. तो स्वतःच्या अंगच्या मूळ प्रोग्रॅमवर जागा होतो. टूलमध्ये ओळ उमटली, मी चिमटा काढला. टूलने सगळे तुकडे तपासले, सडलेले बाजूला काढले आणि फर्मवेअर नव्याने लिहिलं. क्षमता थोडी घटली, पण ड्राइव्ह उठला.

माझं म्हणणं असं की हे टूल लोकांना उघडपणे मिळालं पाहिजे. आज ते कारखान्यांसाठी असतं, म्हणून दुरुस्ती करणारा कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून बाहेर फुटलेली प्रत उतरवतो आणि सोबत व्हायरस घरात आणण्याचा धोका पत्करतो. उघडं टूल वाईट हातांत पडेल, ही भीती खोटी नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत दाखवलं, की फर्मवेअर बदललेला पेनड्राइव्ह कीबोर्ड असल्याचं भासवून कॉम्प्युटरला आज्ञा देऊ शकतो. फर्मवेअरमध्ये फेरफार करून कमी क्षमतेचा ड्राइव्ह जास्त क्षमतेचा म्हणून विकलाही जातो. पण हे सगळं टूल झाकून ठेवलेलं असतानाच घडलं. खरा इलाज म्हणजे कंट्रोलरने कंपनीच्या डिजिटल सहीचंच फर्मवेअर स्वीकारावं. तेवढं झालं, की टूल दडवायचं कारण उरत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं; त्या हक्कात ही बोटाएवढी वस्तूही बसली पाहिजे.

एक मात्र लक्षात ठेवा. तुमची एकुलती एक प्रत त्या ड्राइव्हमध्ये असेल तर हे टूल चालवू नका. नवा सातबारा लिहिताना जुन्या नोंदी पुसल्या जातात. आधी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. तो चिप सुटी करून थेट वाचू शकतो. काकूंनाही ड्राइव्ह परत देताना सांगितलं, यातून गाणी न्या-आणा, पण जपून ठेवायची ती तबलजींकडे आणि आणखी एका ठिकाणी.