वरच्या बांधाचे गाव



मागे या सदरात बांधबंदिस्तीविषयी चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्यावर डोंगरउतारावर भात करणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले. तिच्या खाचराच्या वरच्या अंगाला चुलत दिराचे खाचर आहे. ते कुटुंब मुंबईला गेले, जमीन पडीक राहिली, दोन पावसाळ्यांत बांध खचला आणि दगडमाती हिच्या उभ्या भातात येऊन बसली. आपला बांध आपण कितीही जपला, पण वरच्याने जपला नाही तर काय करायचे, असे ती विचारते.

प्रश्न मोलाचा आहे. तोच प्रश्न घेऊन शेकडो वर्षे जगत आलेले एक गाव दूर फिलिपीन्स देशात आहे. आज तिकडे जाऊन येऊ.

फिलिपीन्सचे नाव आपल्या भातवाल्यांना अगदीच नवे नाही. तेथील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली आणि १९६६ साली तिने आय. आर. ८ हे बुटके, भरघोस उत्पन्नाचे वाण दिले. ते आपल्याकडेही आले. जुन्या मंडळींना त्याचे पीक आठवत असेल आणि त्याचा जाडाभरडा भातही आठवत असेल!

सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात लुझोन हे सर्वांत मोठे बेट. त्याच्या उत्तरेला कॉर्डिलेरा नावाची पर्वतरांग आहे आणि तिच्या कुशीत इफुगाओ प्रांत आहे. राजधानी मनिलाहून रात्रभर बसने प्रवास करावा तेव्हा सकाळी बानावे गाव येते. तेथून आणखी पुढे, डोंगराच्या वळणावळणाने गेले की हुंगदुआन लागते. नावाला ती नगरपालिका आणि कारभारी म्हणून निवडून आलेला नगराध्यक्ष, पण शहराचे तिथे काही नाही. आपल्याकडच्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखी नऊ गावे एकत्र बांधलेली. एकंदर वस्ती नऊ-दहा हजारांची. डोक्यावर नापुलावान हा डोंगर, आपल्या कळसूबाईहून कितीतरी उंच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सेनापती यामाशिता याच मुलखात दडून बसला होता आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी शेजारच्या कियांगान येथे तो शरण आला.

या डोंगरांना सपाटी अशी नाहीच. तेथील लोकांनी ती हातांनी तयार केली. उतार खणून, दगडाच्या भिंती रचून, एकावर एक पायऱ्यांसारखी भातखाचरे केली. हुंगदुआनची खाचरे वरून पाहिली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. इफुगाओतील अशा पाच ठिकाणांना युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत हुंगदुआन एक. ही खाचरे दोन हजार वर्षांची, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. स्टीफन अकाबादो या पुरातत्त्वज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून निराळी गोष्ट पुढे आली. त्यांच्या मते ओल्या भाताची ही शेती सुमारे चारशे वर्षांपूर्वी, खालच्या मुलखात स्पॅनिश राजवट आली त्या सुमारास डोंगरात पसरली. जुलमापासून दूर वर सरकलेल्या लोकांनी ती उभी केली असावी. वय कमी ठरले म्हणून काय झाले? थोड्या पिढ्यांत एवढे काम उरकले, हे कौतुक उलट वाढतेच.

आता त्यांची रीत पाहा. सर्वांत वर, डोंगरमाथ्यालगत, कुटुंबाचे राखलेले रान असते. त्याला मुयोंग म्हणतात. घराला लाकूड आणि चुलीला जळण त्यातूनच, पण ते बेताने. कारण पावसाचे पाणी धरून ठेवणारे ते रान आहे. त्यातून झिरपलेले पाणी पाटाने पहिल्या खाचरात येते, तेथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माझ्या खाचरातील पाणी शेजाऱ्याच्या खाचरातून आलेले आणि खालच्या शेजाऱ्याकडे जाणारे.

आणखी एक गोष्ट आपल्याहून निराळी. पीक निघाले तरी तेथे खाचर कोरडे पडू देत नाहीत. बारा महिने पाणी ठेवतात. कोरडे पडले की चिखलाला भेगा जातात, गांडुळे खोलवर भोके पाडतात, मग पुढच्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांत शिरते आणि भिंत आतून फुगून कोसळते. कोसळते ती एकट्याच्या नशिबाची नसते, खालच्या दोन-तीन खाचरांना घेऊन जाते. म्हणजे पडीक ठेवलेले एक खाचर साऱ्या उताराचा घात करते. आपल्या पत्रलेखिकेचे दुखणे नेमके हेच.

भाताचे बियाणेही त्यांचे स्वतःचे. तिनावोन, म्हणजे वर्षातून एकदा येणारे. उंचावरच्या थंड पाण्यात सपाटीचे बुटके वाण नीट नांदत नाहीत, हे सावकाश पिकणारे देशी भात मात्र तग धरते. कापणीपूर्वी बायका शेतात फिरून उत्तम लोंब्या बियाण्यासाठी निवडतात. बियाण्याची पारख हे तेथे बाईचे काम आणि त्यात तिचा शब्द चालतो. कापणी विळ्याने नाही, लहानशा पात्याने एकेक लोंबी खुडून करतात, तिच्या जुड्या बांधतात, वाळवतात आणि लागेल तसे उखळात कांडतात. जुन्या पद्धतीचे घर चार खांबांवर उभे. उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला लाकडी चकती बसवलेली, आणि घरातील चुलीचा धूर वरच्या धान्याला लागून कीड दूर ठेवणारा. कणगीपाशी बुलुल नावाची लाकडी धान्यदेवता बसवीत. कापणीच्या वेळी बायका हुधुद नावाच्या लांबच लांब वीरकथा गात. एखादी पुरती गायची तर दिवसच्या दिवस लागत.

कामाला माणसे कुठून आणायची? त्यासाठी उब्बु आहे. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचे, उद्या तुम्ही त्यांच्या. आपण याला सावड म्हणतो. कापणी आटोपली की हापाओ, बाआंग आणि नुंगुलुनान या हुंगदुआनमधील तीन गावांचे लोक नदीच्या पात्रात उतरून रस्सीखेच खेळतात. दोर म्हणून लाकडी आकडा आणि भाताच्या काडाची बाहुली. या पुन्नुक खेळाला युनेस्कोच्या २०१५ सालच्या यादीत स्थान मिळाले. वर्षभर पाणी वाटून घेणारे शेजारी वर्षातून एकदा पाण्यात उभे राहून एकमेकांना ओढतात आणि हसत घरी जातात.

पण सारे गोड आहे असे मुळीच नाही. एवढ्या कष्टाचे भात बहुतेक घरांना वर्षभर पुरत नाही. रताळ्यांवर आणि विकतच्या तांदळावर दिवस काढावे लागतात. १९८० नंतरच्या दशकात खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतील एक गोगलगाय देशात आणली, ती शेतात सुटली आणि कोवळी रोपे फस्त करू लागली. वारशाची रीतही विचार करण्यासारखी आहे. परंपरेने खाचरे थोरल्या अपत्याला जातात, मग तो मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे आपल्यासारखे जमिनीचे तुकडे पडत नाहीत. पण धाकट्यांच्या वाट्याला थोडे येते आणि ती बाहेरची वाट धरतात. शाळा शिकल्यावर थोरलेही जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना दगड उचलवत नाहीत. बरीच खाचरे ओस पडली, भिंती ढासळल्या, आणि २००१ साली युनेस्कोने हा वारसा धोक्यात असल्याचे जाहीर केले. मग सरकार जागे झाले, भिंती आणि पाट दुरुस्त झाले, गावकऱ्यांनी कंबर कसली. २०१२ साली तो शिक्का निघाला. काही तिनावोन तांदूळ अमेरिकेपर्यंत विकला गेला. तरी प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. भिंत एकदा बांधून होत नाही, ती दर वर्षी बांधावी लागते आणि त्यासाठी गावात माणूस लागतो.

मुलांनी शिकू नये, गाव सोडू नये, असे कोणी म्हणू नये. आईबापांनी राबून शिकवले ते त्यांनी चार पैसे मिळवावेत म्हणूनच. पण जाणाऱ्याने आपल्या मागे खाचर कोण पाहणार याची सोय करून जावे, एवढे तरी मागता येते. इफुगाओत गावाबाहेर गेलेला खाचरवाला पुष्कळदा नातलगाला जमीन कसायला देतो आणि पिकाचा वाटा घेतो. वाटा लहान का असेना, भिंत उभी राहते.

तेव्हा ताई, तुम्ही असे करा. दिरांना पत्र लिहा, पण भांडणाचे लिहू नका. वरचे खाचर दोन-तीन वर्षे आम्ही करतो, बांध आम्ही घालतो, पिकातला ठरलेला वाटा तुम्हांला पोचवतो, असे लिहा. जमीन त्यांचीच राहील हे चार माणसांसमक्ष कागदावर ठेवा, म्हणजे त्यांच्या मनात किंतु राहणार नाही. मग पावसाआधी वाडीतल्या पाच घरांची सावड करा. आधी वरचा बांध, मग तुमचा, मग खालच्यांचा. सांडव्याला दगड नीट बसवा. माथ्यावरचे रान कोणी तोडत असेल तर त्याला आत्ताच थांबवा.

दिरांचे काय उत्तर येते ते अवश्य कळवा. वाडीतल्या इतर चुलीही त्याची वाट पाहत असतील.